उपवासकाळात उघडलेली पेटी

गेल्या वर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मी संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी चहा सोडतं, कुणी मटण सोडतं. एक काका दरवर्षी तंबाखू सोडतात आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, दुपारी जेवण झालं की पुन्हा धरतात. माझं व्यसन मोबाईलचं, म्हणून मी तो धरला, म्हणजे सोडला. पहिले तीन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, असे मधेमधे फिरण्यापेक्षा माळ्यावरची पेटी तरी खाली काढा. चार वर्षं झाली, काढतो काढतो म्हणताय."

पेटी म्हणजे बाबांची हार्मोनियम, आणि चार वर्षं म्हणजे बाबा गेले तेव्हापासून.

मी भुसावळला एका शाळेत संगीत शिकवतो आणि रविवारी मंडळीत कीबोर्ड वाजवतो. बाबा रेल्वेत फिटर होते. नगरकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आमच्या मंडळीतली निम्मी घरं अशीच रेल्वेच्या मागे आलेली. बाबा कुणाकडे पेटी शिकले नव्हते. नगरकडच्या पाळकसाहेबांच्या मागे बसून बघून बघून उचललं होतं. रोज रात्री आठला घरची प्रार्थना. ड्युटीवरून आले की आधी हाताला रॉकेल चोळायचे, मग साबण, मग पुन्हा साबण, आणि मगच पट्ट्यांना बोट लावायचे. तरी पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा काळपट झाल्या त्या झाल्याच. भाता ओढला की मागची बिजागरी कुरकुरायची, मग सूर निघायचा. हे सगळं इतकं रोजचं होतं, की त्याची आठवण ठेवावी असं कधी वाटलंच नाही.

मीच मंडळीत कीबोर्ड आणला. कॉलेजात होतो, तरुण संघाचा चिटणीस होतो, आणि पेटी म्हणजे मागासलेपण असं माझं पक्कं मत होतं. बाबा काही बोलले नाहीत. पेटीला खोळ घातली आणि घरी घेऊन आले. आमच्या मुलांना आजही वाटतं की पेटी म्हणजे देवळातल्या भजनी मंडळाची आणि कीबोर्ड म्हणजे चर्चचा. खरं तर पेटीचं मूळ पॅरिसचं. अलेक्झांडर दबॅं नावाच्या माणसाने १८४२ मध्ये तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायाने चालवायची ती मोठी पेटी मिशनरी लोकांनी इकडे आणली, आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असं रूप दिलं. म्हणजे जी चर्चमधून बाहेर गेली आणि खेडोपाडी भजनात रमली, तिलाच आम्ही 'तुमची' म्हणून चर्चबाहेर ठेवलं. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदीच घातली होती, ती परदेशी म्हणून. बिचारीला कुठेच घर नाही.

तर पेटी खाली काढली. सव्वातीन सप्तकं, ३९ पट्ट्या, खर्ज-नर, म्हणजे सुरांच्या दोन ओळी. भाता मारला तर आवाज फुस्स. एक पट्टी न दाबताच वाजत होती आणि बाकीच्या दाबूनही वाजत नव्हत्या. पुण्याच्या मोठ्या भावाला कळवलं तर तो म्हणाला, "अरे, पॉलिश करून हॉलमध्ये ठेव, वर फुलदाणी छान दिसेल." भाऊ चांगला आहे, पण त्याच्या घरातल्या वस्तू मला नेहमी घाबरलेल्या दिसतात.

मी बाबांची हत्यारांची पेटी काढली आणि स्क्रू सोडायला बसलो. शेजारचे पाटीलभाऊ कुंपणावरून बघत होते. "काय उघडून बसला रे भो?" म्हणाले आणि मग जे आले ते जेवायच्या वेळेलाच परत गेले. पट्ट्यांवरची पट्टी काढली, पट्ट्या एकेक करून ओळीने वर्तमानपत्रावर ठेवल्या, प्रत्येकीच्या पोटाला पेन्सिलीने आकडा टाकला. हा आकडा टाकायचा सल्ला पाटीलभाऊंचा. त्यांनी आयुष्यभर मोटारपंप उघडले आहेत, त्यांना माहीत.

आत काय काय निघालं! उंदराने केलेलं घरटं, तेही गीतांच्या पुस्तकाच्या पानांचं. एका तुकड्यावर फक्त गीताचा आकडा आणि 'चाल' एवढा शब्द शिल्लक. पट्ट्यांखालच्या बनातीला, म्हणजे जाड लोकरी कापडाला, कसर लागलेली. दोन आगकाड्या. आणि गेंड्याचं चित्र असलेलं चार आण्याचं नाणं. मुलगी सातवीत आहे, तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, हे कोणत्या देशाचं?" चार आणे २०११ मध्ये व्यवहारातून गेले, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. बहुतेक दानाच्या थैलीत टाकायला कुणा पोराच्या हातात दिलेलं असणार आणि त्याने ते पेटीच्या फटीत टाकून पाहिलं असणार. ते पोर मी नसेनच असं छातीठोक सांगता येत नाही.

पेटीचं काम पाहिलं तर साधं असतं. मागचा भाता हवा ओढतो, ती कातड्याच्या झडपांमधून आतल्या भात्यात जाते, आतला भाता स्प्रिंगांच्या जोरावर ती दाबून धरतो. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं, हवा तिथून सुटते आणि जाता जाता पितळेची जीभ थरथरवते. ती जीभ म्हणजे सूर. ३९ पट्ट्यांना दोन ओळींचे ७८ सूर. एवढंच. आता यातली हवा कुठून निसटते ते शोधायचं.

पाटीलभाऊ म्हणाले, उदबत्ती लाव आणि धूर कुठून निघतो ते बघ. घरून दोन उदबत्त्या आणूनही दिल्या. युक्ती फक्कड होती. मी हवा सोडणाऱ्या खुंट्या बंद करून भाता मारला, फटीफटींतून उदबत्ती फिरवली आणि धुराची रेघ कुठे वाकडी होते ते बघत होतो, तेवढ्यात आई आतून आली. आमच्या घरात उदबत्ती कधी लागलेली नाही. तिने दारातच वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या उदबत्तीकडे पाहिलं, समोर मांडलेल्या पेटीकडे पाहिलं. "उपवासकाळात?" एवढंच म्हणाली. त्यानंतर मी डासांची कॉईल वापरली. धूर तोच, पण प्रश्न नाहीत.

मागच्या भात्याच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा होत्या. कातडं वाळून पापडासारखं झालेलं. भुसावळच्या उन्हाने माणसं वाळतात, तिथे मेंढीच्या पातळ कातड्याची काय कथा. पत्र्याच्या छताखाली, माळ्यावर, चार उन्हाळे. ही चूक माझी, उंदराची नाही.

माझा बेत होता, पुनरुत्थानाच्या रविवारी पेटी मंडळीत वाजवायची. चाळीस दिवस हाताशी, रोजचे दोन तास, झालंच. पण कातडं मिळवण्यातच पंधरा दिवस गेले. सरस कसा शिजवायचा हे कळायला आठवडा. पहिल्यांदा लावला तो इतका घट्ट की कोपरा उघडेचना. दुसऱ्यांदा लावला तो एप्रिलच्या उन्हात मी पुढचा तुकडा उचलेपर्यंत वाळून बसला. पुनरुत्थानाचा रविवार आला आणि गेला. मोबाईल पुन्हा सुरू झाला. पण सात वाजले की हात हत्यारांच्या पेटीकडे जायला लागला होता, आणि मोबाईल चार्जिंगला लावून विसरायला लागलो होतो. मे महिन्यात मात्र काम थांबवलंच. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरसमोर बसावं तर वाऱ्याने बनातीचे कपटे उडतात, कूलर बंद करावा तर घाम पट्ट्यांवर टपटपतो.

बाबांचा एक नियम होता: ड्युटी सोडून रविवारी कुठलंही काम नाही. स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही. म्हणून मीही रविवारी पेटीला हात लावला नाही. उपासना झाली की दुपारी आम्ही तिघं कधी हतनूरला जातो. हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावर लांबून आलेले पक्षी उतरतात आणि बायकोला त्यांची नावं माझ्यापेक्षा जास्त येतात. मला फक्त आवाज कळतात. चर्चच्या आवारातल्या वडावर एक तांबट आहे, तो पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना टुक टुक टुक टुक करत असतो, एकाच सुरात, एकाच लयीत. लय इतकी पक्की की आमच्या ढोलकवाल्याने त्याच्याकडे शिकवणी लावावी.

जूनमध्ये पेटी घेऊन मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका बुवांकडे गेलो. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात, पंचाहत्तरीच्या आसपासचे. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने हिचंही तिकीट काढा म्हणून थट्टा केली. बुवा ओट्यावर बसले होते. त्यांनी पेटी उघडली नाही, वाजवली नाही. आधी नुसती बोटं फिरवली पट्ट्यांवरून, आंधळा माणूस तोंड चाचपतो तशी.

"काळी दोनमधले दिसतात तुमचे वडील," म्हणाले.

काळी दोनमधले म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी सा धरून गाणारे. मी बघतच राहिलो. त्यांनी दाखवलं. काळी दोन, चार आणि पाच यांच्या पाठी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पांढरी चार आणि पाच यांच्यावर बोटांच्या टोकाएवढे खळगे. आणि काळी तीन, ती मात्र कडा धारदार, रंग शाबूत, कालच बसवल्यासारखी. काळी दोन षड्ज, म्हणजे सा, धरला तर काळी तीन म्हणजे कोमल गंधार. "कोमल गंधार त्यांना आवडत नव्हता की येत नव्हता?" बुवांनी हसत विचारलं. मला उत्तर द्यायला वेळ लागला. आमच्या घरी रात्री गायली जाणारी गीतं एकेक करून मनात म्हणून पाहिली. सगळी शुद्ध स्वरांची. मला वाटायचं बाबांना सगळं येतं. त्यांना आठ-दहा चाली येत होत्या, आणि त्या त्यांनी चाळीस वर्षं वाजवल्या.

"आमची पेटी असती तर वरच्या पट्ट्या झिजल्या असत्या," बुवा म्हणाले. "आमचं गाणं टिपेला असतं. तुमच्यात लेकरं, म्हातारी माणसं सगळीच गातात ना, मग खाली घेतात." बुवा कधी चर्चमध्ये गेलेले नाहीत. नारायण वामन टिळकांचं नाव त्यांना ठाऊक होतं, कवी म्हणून. मी सांगितलं की आमच्याकडे त्यांची गीतं-भजनं गातात, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत असत. बुवांनी दोन्ही हात कपाळाला लावले. ते टिळकांसाठी होते, तुकारामांसाठी की पुलासाठी, मी विचारलं नाही.

बुवांनी मला सूर लावायचं शिकवलं. पितळेची जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की असते, दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाकडे कानशीने हलकेच घासलं की टोक हलकं होतं, सूर चढतो. बुडाकडे घासलं की जीभ मऊ पडते, सूर उतरतो. घासताना जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवायचं, नाहीतर ती आत दबते. "आणि एक हात मारला की थांबायचं," बुवा म्हणाले. "पितळ तापतं, सूर खोटं बोलतो. गार होऊ द्यायचं, मग ऐकायचं."

घरी आलो ते भारी उत्साहात. मुलीच्या मोबाईलवर सूर दाखवणारं अ‍ॅप घेतलं. पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनं दाखवायला हवी, ती दाखवत होती ४३६. सगळी पेटीच तेवढी उतरलेली. मी म्हटलं, चला, आता सगळेच सूर चढवू. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या सहापासून सुरुवात केली. एक हात, दोन हात, चढला, जास्त चढला. मग बुडाकडे घासून उतरवला, जास्त उतरला. पुन्हा टोक. पुन्हा बूड. गार होऊ द्यायचं वगैरे कुठलं. साडेआठला टिंग असा बारीक आवाज आला आणि जीभ बुडाशी तुटून माझ्या मांडीवर पडली. नखाएवढी रुंद, सोनेरी. बाबांच्या वेळचा जर्मन सूर. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, अ‍ॅप बंद करू?"

पुन्हा एसटी, पुन्हा मांडीवर पेटी. बुवा रागावले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्याकडे मोडलेल्या पेट्यांचे शेकडो सूर होते. चाळून चाळून एक काढला, चौकट घासून खाचेत बसवली, वाजवून पाहिला. "हा गुजरातेतल्या पालिताण्याचा आहे," म्हणाले. "शेजारचे जर्मन. आवाज थोडा वेगळा लागेल, पण नांदेल." आणि बाकीचे सूर चढवायला त्यांनी साफ मनाई केली. इतकं घासलं तर पितळाचं आयुष्य जातं. पेटी आपल्यात सुरात आहे ना, मग राहू दे खाली. तुमचा तो विजेचा बाजा खाली आणा.

हे मला सुचलंच नव्हतं. कीबोर्डला सूर कमी-जास्त करायची सोय असते. मेन्यूत जाऊन ४४०चा ४३६ केला की संपलं. ज्यासाठी मी एका सुराचा बळी दिला होता, ते काम बटण दाबून वीस सेकंदांत होणार होतं.

पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि पट्ट्या एकमेकींना घासून अडकायला लागल्या. मी शहाणपणा करून तीन पट्ट्यांच्या बाजू पॉलिश पेपरने घासल्या. बुवांना फोन केला तर म्हणाले, "हात लावू नका, दिवाळीपर्यंत आपोआप सुटतील." बाकीच्या खरंच सुटल्या. त्या तीन मात्र आता हिवाळ्यात बोळक्या तोंडातल्या दातांसारख्या खटखट करतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरं काम झालं. नवी बनात, नव्या झडपा, कोपऱ्यांना नवं कातडं. मागची बिजागरी गंजून सैल झाली होती, ती काढून हार्डवेअरच्या दुकानातून नवी पितळी आणून बसवली, तेल घातलं. भाता भरून मुलीला घड्याळ लावायला सांगितलं: मार्चमध्ये तीन सेकंदांत रिकामा व्हायचा, आता एकवीस.

मग दोन ओळी एकमेकींशी जुळवायच्या. हे काम मला इतकं आवडलं की आता शेजारपाजारच्या दोन पेट्या मी आपण होऊन मागून घेतल्या आहेत. खर्ज आणि नर एकत्र वाजवले आणि त्यांच्यात केसाएवढा फरक असला, की आवाजात लहर उठते: वाँव, वाँव, वाँव. घासायचं, थांबायचं, ऐकायचं. लहर लांबते: वाँऽऽव... वाँऽऽऽव. पुन्हा एक हात, अगदी हलका. लहर इतकी लांबते की आता आहे की नाही कळत नाही, श्वास धरून बसावं लागतं. आणि मग ती नसते. दोन आवाज होते, तिथे एकच उरतो, आधीपेक्षा मोठा. त्या वेळी घरात कुणी भांडं जरी ठेवलं तरी मी ओरडायचो. बायकोने एकदा विचारलं, "प्रार्थनेला बसल्यावर कधी एवढे गप्प बसलात का हो?" बसलो नव्हतो.

आणि हीच गोष्ट मला गेली काही वर्षं छळत होती, पण कुणाला सांगितली नव्हती. मंडळीत वाजवणारा माणूस उपासनेत नसतो. बाकीचे डोळे मिटून गात असतात, आणि मी पुढचा कॉर्ड, मॉनिटरचा आवाज, गिटारवाल्याने उशिरा केलेला बदल, पाळकसाहेबांनी ऐन वेळी वगळलेलं कडवं, यांत असतो. लोक बाहेर भेटून म्हणतात, काय वाजवलंत, अगदी प्रभूजवळ गेल्यासारखं वाटलं. मी हसून मान हलवतो. मी कुठे होतो ते माझं मला माहीत. स्तोत्रसंहितेच्या १५०व्या स्तोत्रात वाद्यांची अख्खी यादी आहे, वीणा आहे, डफ आहे, झांजा आहेत. त्या वाजवणाऱ्यांचं काय होत होतं, ते मात्र दिलेलं नाही. शेवटच्या ओळीत श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने स्तवन करावं असं आहे, म्हणजे त्यात तेही आले असणार, असं मी धरून चालतो.

नाताळच्या सकाळच्या उपासनेला पेटी नेली. तरुण संघाच्या मुलांनी कीबोर्ड ४३६वर आणला. गिटारवाला कुरकुरला, कारण त्यालाही सगळ्या तारा उतरवाव्या लागल्या. पहिली तीन गीतं त्यांची, त्यांच्या पद्धतीने. चौथं भजन पेटीवर. मी बऱ्याच वर्षांनी खाली सतरंजीवर बसलो होतो. डावा हात भात्यावर गुंतलेला, त्यामुळे कॉर्डचे खेळ करायला तो मोकळाच नाही. उजव्या हाताला चाल सोडून दुसरं काही सुचत नाही. काळी दोन. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की मी गातोय. कीबोर्डमागे उभा राहून मी गाणं कधी बंद केलं ते मला आठवतच नाही. बंद झालं होतं एवढं खरं. भाता ओढला की श्वास घेत होतो, सोडला की ओळ. पांढऱ्या सहावर पालिताण्याचा तो सूर जरा नाकातून आल्यासारखा वाजला. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर नाताळ म्हणून बोललं नाही. पाचवीतल्या एका मुलाने उपासना संपल्यावर येऊन विचारलं, "सर, याला वायर कुठे लावायची?"

दुपारी घरी भरीत होतं. नाताळ म्हटला की केक-करंज्या आल्याच, पण आमच्या घरी पंचवीस डिसेंबरला अंगणात काट्या पेटवून वांगी भाजली जातात, कारण त्या दिवसांत बामणोदची वांगी दुधासारखी येतात आणि बाबांना त्यापुढे केक म्हणजे पाव वाटायचा. पाटीलभाऊ सहकुटुंब जेवायला होते. बडगीत वांगी ठेचता ठेचता आई मला म्हणाली, "घरी पण वाजव आता. आठला."

घरची प्रार्थना बाबांच्या नंतर बंदच पडल्यासारखी होती. म्हणजे व्हायची, पण ज्याची त्याची, झोपण्याआधी, मोबाईलमधला एक वचनाचा फोटो बघून. सव्वीस तारखेपासून आम्ही पुन्हा आठला बसायला लागलो. पहिल्या रात्री मी पेटीपुढे बसलो, मुलगी आणि बायको सतरंजीवर. आई स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मी सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, धृपद झालं, दुसरं कडवं सुरू झालं, तरी आई आली नाही. तिसऱ्याला ती पिठाचे हात घेऊन लगबगीने दाराशी आली आणि बावरून उभी राहिली.

"सुरू झालं? मला कळलंच नाही," म्हणाली. गीत संपल्यावर तिने पेटीकडे बोट केलं. "तिची कुरकुर कुठे गेली?"

मी अभिमानाने सांगितलं की बिजागरी नवी बसवली, तेल घातलं.

"ते वाजवायला बसायचे, आधी ती कुरकुरायची," आई म्हणाली. "ती ऐकू आली की मी तव्यावरची भाकरी उतरवायचे, गॅस बंद करायचे, हात धुवायचे. तोवर त्यांचा सूर लागायचा. चाळीस वर्षं मी काही घड्याळ नाही बघितलं."

जुनी बिजागरी मी दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिली होती, पेपरांच्या रद्दीबरोबर. एकदा वाटलं, नव्या बिजागरीतलं तेल पुसून बघावं. पुसून पाहिलंही. ती आपली गप्पच. पितळी आहे, गंजायची नाही.

आता रोज आठला, मी पेटीसमोर बसलो की मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी जाते आणि सांगते, "आजी, चल. पप्पांनी भाता ओढला."